संवादाखालचे संगीत

संवादाला संगीताची जोड दिली की प्रसंग रंगतो, अशी माझी समजूत होती. आमच्या लघुपटातील आई-मुलाच्या बोलण्याखाली मी सतार घातली. सतारीचा आणि माणसाच्या आवाजाचा पल्ला बराचसा एकच; त्यामुळे आईचे शब्द बुडाले आणि हुंदकाही खोटा वाटू लागला.

मग सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५) पुन्हा पाहिला. घरी परतलेला हरिहर दुर्गेसाठी आणलेली साडी दाखवितो. ती गेल्याचे त्याला ठाऊक नसते. सर्वजया कोसळते, पण तिचा हंबरडा ऐकू येत नाही. त्या जागी रविशंकरांच्या संगीतातील तारशहनाई आक्रंदते. जेथे शब्द खुंटतात, तेथे सूर येतो.

मी सतार उचलून आईच्या शेवटच्या वाक्यानंतर ठेवली. आता दोघीही ऐकू येतात.