बाटलीच्या तळाशी

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीहून आलेल्या मिस्त्रीनं टाकीचा तळाचा नट सैल केला, अर्धा लिटर डिझेल काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली होडीच्या फळीवर उभी ठेवली. "अण्णा, घटकाभर हलवू नका हिला," एवढंच तो म्हणाला. घटकाभरानं बाटलीत तीन थर दिसायला लागले. वर गवती रंगाचं डिझेल, तळाशी दोन बोटं पाणी, आणि दोहोंच्या सांध्यावर शेवाळासारखा काळपट, बुळबुळीत पडदा. होडीवाल्यानं शेजारी ठेवलेली दुसरी, रंगीत लेबलाची बाटली हळूच मागं सरकवली. "इंजिनाची ताकद वाढवायला" म्हणून त्यानं ती दुकानातून आणली होती.

हे इंजिन मुळात होडीचं नाहीच. एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर, मिनिटाला दीड हजार फेरे, हँडल मारून चालू होणारं. नीरेच्या काठावर विजेच्या मोटारी येण्याआधी अशीच इंजिनं नदीतून पाणी उपसून उसाला देत. खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ची. त्याच्याही आधी साताऱ्याकडच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिनं बनत होती. मोटारी आल्यावर बरीच इंजिनं भंगारात गेली. काहींचा पंप निघाला, त्या जागी शाफ्ट आणि शाफ्टच्या टोकाला पंखा बसला, आणि ती भीमेवर, उजनी धरणाच्या फुगवट्यात उतरली. इंजिन होडीच्या पोटात, पंखा बाहेर पाण्यात. शहरी लोक याला इनबोर्ड म्हणतात. काठावर ती नुसती इंजिनाची होडी.

अशा इंजिनाचा जीव असतो इंधनाच्या पंपात. त्यातला प्लंजर आणि बॅरल यांच्यामधली फट जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या वीसेक हिश्शांतला एक. त्या फटीला वेगळं वंगण नाही. जे डिझेल जळायला जातं, तेच जाता जाता प्लंजरला तेल लावून जातं. पुढे नोझल तेच डिझेल सुमारे २०० बारच्या दाबानं धुक्यासारखं फवारतं. तिथं पाण्याचा थेंब पोहोचला की गंज धरतो, आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाचा प्लंजर सकाळी जाम झालेला सापडतो.

जुन्या इंजिनांच्या मालकांची एक तक्रार मात्र खरी आहे. पंपावरचं डिझेल बदललं. २००० साली देशभर लागू झालेल्या मानकात किलोभर डिझेलमध्ये २५०० मिलिग्रॅमपर्यंत गंधक चालत होतं. १ एप्रिल २०२०पासून, बीएस-सहा मानक आल्यावर, फक्त १०. गंधक स्वतः काही वंगण नव्हे. पण ते काढताना रिफायनरीत जी प्रक्रिया होते, तिच्यात डिझेलला वंगणाचा गुण देणारे इतर घटकही निघून जातात. म्हणून कितीतरी जण टाकीत टू-स्ट्रोक गाड्यांचं टू-टी ऑइल ओततात. हिशेब सोपा वाटतो: तेल गेलं, तेल घाला.

अडचण एवढीच, की ही उणीव रिफायनरीनं आधीच भरून काढलेली असते. तिथल्या चाचणीत ६० अंशांच्या डिझेलमध्ये पोलादाची छोटी गोळी चकतीवर ७५ मिनिटं घासतात. गोळीवर पडलेला व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा निघाला तर ते डिझेल नापास. तेवढं वंगण घालूनच टँकर बाहेर पडतो. थोडं टू-टी पडल्यानं हे इंजिन मरणार नाही, पण नोझलच्या टोकावर काजळी मात्र वाढते. त्यापेक्षा जुन्या रबरी नळ्या आणि सील यांच्याकडे बघावं. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हा बऱ्याच जुन्या पंपांचे सील आकसून गळायला लागले होते. तिथं बाटलीचा उपयोग नव्हता, सीलच बदलावे लागले.

डांबरगोळ्यांची गोष्ट याहून मजेची. टाकीत दोन गोळ्या टाकल्या की इंजिन पळतं, असं सांगणारा प्रत्येक गॅरेजमध्ये एक तरी भेटतो. डिझेल किती चटकन पेट घेतं ते सीटेन आकड्यानं मोजतात, आणि ही पट्टी बनवली तेव्हा शून्याच्या खुणेवर जो पदार्थ ठेवला, तो मिथाइल नॅप्थलीन, म्हणजे डांबरगोळीचा सख्खा भाऊ. गोळी टाकणारा आपलं डिझेल शून्याकडे ढकलत असतो. उलट, सीटेन वाढवणाऱ्या महागड्या बाटलीचीही इथं गरज नाही. आजच्या डिझेलचा सीटेन आकडा किमान ५१ असतो, आणि दीड हजार फेऱ्यांच्या संथ इंजिनाला ४५सुद्धा पुरत होता. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून विकली जाणारी बाटली तर इंदापुरात घेणं म्हणजे मे महिन्यात घोंगडी घेण्यासारखं. हिवाळी डिझेलची गोठणसीमा ३ अंशांच्या वर नसते. तेवढा गारठा भीमाकाठी पडत नाही.

मग बाटलीतल्या त्या काळपट पडद्याचं काय? तो जिवंत असतो. बुरशी आणि जिवाणू राहतात पाण्यात आणि खातात डिझेल. म्हणून ते नेमके दोहोंच्या सांध्यावर वाढतात. उजनी उन्हाळ्यात उतरते, मृतसाठ्यात जाते, तेव्हा बऱ्याच होड्या महिनोन् महिने काठाला पडून असतात. टाकी अर्धी, वर मोकळी हवा. दिवसा तापते, रात्री निवते, आतल्या पत्र्याला दव धरतं आणि थेंब थेंब तळाशी जातं. पहिल्या पावसानंतर होडी पाण्यात लोटली, की लाटांनी तळ ढवळतो आणि भर पाण्यात फिल्टर तुंबतो. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीकडे येणारी होडी उलटून सहा जण बुडाले, त्याचं कारण वादळी वारा होतं, इंजिन नव्हे. पण वाऱ्यात इंजिन बंद पडलेली होडी वाऱ्याला आडवी होते, हे इथल्या प्रत्येक होडीवाल्याला माहीत आहे.

बुरशी मारणारं औषध मिळतं, आणि सगळ्या बाटल्यांत विकत घेण्याजोगी तेवढीच एक. तीही पाणी काढून टाकल्यावर. "पाणी विरघळवणारं" म्हणून मिळतं ते स्पिरिटच्या जातीचं, आणि ते सगळ्यात वाईट; तळाशी स्वस्थ बसलेलं पाणी ते उचलून नोझलपर्यंत नेऊन पोहोचवतं.

पेट्रोलवर चालणारं जुनं इंजिन असतं तर प्रकरण आणखी बिकट होतं. इंदापूर-बारामतीच्या कारखान्यांतून उसाचं इथेनॉल निघतं आणि पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं; ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला बसतात. निरवांगीच्या शिवारातलाच ऊस असा होडीच्या टाकीत आडवा येऊ शकतो. डिझेलवाल्याला तेवढा तरी दिलासा.

मिस्त्रीनं टाकी पूर्ण रिकामी केली, खोलून फडक्यानं पुसली, फिल्टर बदलला, त्याच्या अलीकडे तळाशी तोटी असलेली पाणी वेगळं करणारी काचेची वाटी बसवली. नवं डिझेल गर्दीच्या पंपावरून आणलेलं, घनता पावतीशी ताडून, जाळीच्या नरसाळ्यातून. मग पाइपाचा नट सैल करून त्यानं एअर काढली. बुडबुडे थांबून सलग धार आली तेव्हा नट आवळला. तिसऱ्या हँडलला इंजिन फकफकलं. धूर आधी पांढरा, मग जवळजवळ दिसेनासा.

"आन् हिचं काय करू?" होडीवाल्यानं रंगीत बाटली पुढं केली.

"बिल हाय का? मग परत द्या," मिस्त्री म्हणाला आणि टाकीत आणखी एक कॅन रिकामा करायला वाकला. झाकणाखाली दोन बोटं जागा सोडून टाकी भरायची होती.