उपऱ्या प्रकाशाचा बंदोबस्त

गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीने नोंदवलेले सर्वांत मंद तारे आपल्याला सूर्यापेक्षा किती पटींनी फिके दिसतात? 5 वर 18 शून्ये, निदान इतक्या पटींनी. आणि हा सूर्य दुर्बिणीच्या पाठीमागेच तळपत असे. त्याच्या उजेडाचा नगण्य अंश जरी वेड्यावाकड्या वाटेने डिटेक्टरवर पोचला, तरी असा तारा त्यात बुडून जातो. अवकाशात हवा नाही, म्हणून आकाश काळेकुट्ट. पण दुर्बिणीला कडा आहेत, खांब आहेत, आरशावर थोडी धूळ आहे. असा वाट चुकलेला, उपरा प्रकाश त्यांच्यावरून उसळून आत येतो.

आतून काळा रंग लावला की झाले, असे वाटणे साहजिक आहे. त्यावर फार भिस्त ठेवू नये. चांगला काळा रंगही दोन-तीन टक्के प्रकाश परतवतो, आणि किरण तिरपा घासून गेला तर त्याहून जास्त. खरे काम भूमितीचे. अभियंते दोन याद्या करतात. डिटेक्टरच्या जागी डोळा ठेवला तर कोणकोणते पृष्ठभाग दिसतील, ही पहिली. सूर्य, पृथ्वी किंवा चंद्राचा उजेड कोणत्या पृष्ठभागांवर पडतो, ही दुसरी. जो भाग दोन्ही याद्यांत येतो, तो आधी हलवायचा किंवा झाकायचा. रंगाची पाळी त्यानंतर.

बॅफल म्हणजे दुर्बिणीपुढची नळी याचसाठी असते. तिच्या आत धारदार कडांच्या कंकणाकृती पट्ट्या बसवतात. तिरपा किरण दोन पट्ट्यांमधल्या खाचेत अडकतो आणि पुनःपुन्हा आपटतो. तीन टक्के परतवणाऱ्या रंगावर तीनदा आपटला, तर लाखातले जेमतेम तीन भाग उरतात. पट्टीची कड मात्र कधीच पूर्ण धारदार नसते. तिच्या किंचित गोलाईवरून थोडा प्रकाश निसटतोच.

मोजणी अंधाऱ्या खोलीत होते. समांतर किरणांचा झोत दुर्बिणीवर सोडायचा, मग दुर्बीण अंशाअंशाने वळवायची आणि दुर्बिणीच्या तोंडावर पडलेल्या प्रकाशापैकी किती डिटेक्टरवर पोचला ते टिपायचे. झोत जवळपास समोर असताना आरशावरची धूळ गुन्हेगार ठरते, दूर गेल्यावर बॅफल. अडचण अशी की खोलीतली हवाच प्रकाश विखुरते, म्हणून अगदी क्षीण आकडे हवे असतील तर चाचणी निर्वात कक्षात घ्यावी लागते.

या मोजणीनेही उपरा प्रकाश किती एवढेच कळते. तो कुठून आला ते कळत नाही. बेल्जियममधल्या लिएजच्या अवकाश केंद्रातील संशोधकांनी 2021 मध्ये यावर सुंदर तोड दाखवली. त्यांनी लेसरचे अतिसूक्ष्म स्पंद सोडले आणि प्रत्येक किरण केव्हा पोचतो ते मोजले. एका सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात प्रकाश 0.3 मिलिमीटर जातो, त्यामुळे वळसा घालून आलेला किरण उशिरा येतो. त्या उशिरावरून त्याची वाट ओळखता येते.

एवढे करूनही उड्डाणानंतर धक्के बसतात. डिसेंबर 2013 मध्ये झेपावलेल्या गायाला उन्हात आपण कपाळावर हात धरतो तशी, सुमारे 10 मीटर रुंदीची सूर्यढाल होती. तरी पार्श्वभूमीचा उजेड अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, आणि यान स्वतःभोवती फिरे तसा कमीजास्त होई. आधी संशय बर्फावर गेला. खरे दोषी निघाले ढालीच्या कडेबाहेर आलेले बारीक तंतू. ते कापायला तिथे जाणार कोण? त्यामुळे त्रास स्वीकारून, नोंदी घेण्याच्या आणि त्यांवर प्रक्रिया करण्याच्या पद्धती बदलूनच पुढचे काम झाले. सर्वाधिक फटका मंद ताऱ्यांना बसला.

2023 मध्ये झेपावलेल्या युक्लिड या अवकाश दुर्बिणीलाही असाच धक्का बसला: सावलीबाहेर डोकावणाऱ्या थ्रस्टरच्या आधारावरून सूर्यप्रकाश परतून डिटेक्टरपर्यंत येत होता, तोही ठरावीक कोनांत. आधार हलवता येईना, म्हणून ते कोन टाळून निरीक्षणाचा आराखडा नव्याने बांधला गेला. 14 फेब्रुवारी 2024 रोजी युक्लिडचे सहा वर्षांचे सर्वेक्षण त्याच बदललेल्या आराखड्याने सुरू झाले.