खूण पटेना

गाड्यांच्या पाठीवर नारिंगी पट्टे बांधलेले होते. झगझगीत, लांबून डोळ्यांत भरणारे. आकाशातून बघणाऱ्या आपल्या माणसाला आपली गाडी ओळखू यावी, एवढ्यासाठीच ते बांधायचे. दिवस २८ मार्च २००३चा. दक्षिण इराकमध्ये बसऱ्याच्या उत्तरेला ब्रिटनच्या ब्लूज अँड रॉयल्स पलटणीची टेहळणीची तुकडी आपल्या हलक्या चिलखती गाड्या घेऊन पुढे सरकत होती. वर अमेरिकेची दोन ए-टेन विमाने घिरट्या घालत होती.

वैमानिकांना नारिंगी रंग दिसला. त्यावर ते एकमेकांशी बोलले. जमिनीवरच्या नियंत्रकाला त्यांनी विचारलेही, की एवढ्या उत्तरेला आपली माणसे आहेत का? नाहीत, असे उत्तर आले. आपली माणसे नाहीत हे एकदा ठरल्यावर त्या नारिंगीला दुसरा काही अर्थ लावणे भाग होते. त्यांनी लावला: रॉकेटे असावीत. मग सात नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ चालली आणि थोड्या वेळाने विमाने वळून पुन्हा आली. खालून लाल धूर सोडला जात होता, तोही खुणेचाच.

लान्स कॉर्पोरल ऑफ हॉर्स मॅटी हल या हल्ल्यात मरण पावला. ख्रिस्तोफर फिनी नावाचा अठरा वर्षांचा पोरगा पहिल्या तडाख्यातच गाडीबाहेर पडून आडोशाला पोचला होता. मागे वळून बघतो तर गाडीचा तोफची आतच अडकलेला. पेटत्या गाडीतला दारूगोळा फुटत असताना तो परत गेला, तोफचीला ओढून बाहेर काढले, त्याच्या जखमा बांधल्या, रेडिओवरून खबर दिली. दुसऱ्या घिरटीत तो स्वतः जखमी झाला. तरीही दुसऱ्या पेटत्या गाडीतल्या साथीदारासाठी तो तिच्यावर चढू पाहत होता, पण धुराने आणि आगीने त्याला मागे रेटले.

फिनीला जॉर्ज क्रॉस मिळाला. ब्रिटनचे सर्वोच्च युद्धपदक व्हिक्टोरिया क्रॉस, पण ते शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्यासाठी असते. इथे समोर शत्रू नव्हताच. नियमाचे पुस्तक किती काटेकोर असते पाहा: मित्राच्या गोळीखाली दाखवलेल्या धैर्यासाठी त्यात खाना वेगळा.

पुढची चार वर्षे मला हल्ल्याइतकीच अस्वस्थ करतात. विमानातल्या कॅमेऱ्याची चित्रफीत आहे का, या हलच्या घरच्यांच्या प्रश्नाला सरकारकडून नाही असे उत्तर मिळाले. ती होती. अमेरिकेची परवानगी नाही म्हणून मृत्युचौकशीच्या न्यायासनासमोर ती दाखवता येत नव्हती. फेब्रुवारी २००७मध्ये 'द सन' या वर्तमानपत्राने ती थेट प्रसिद्ध करून टाकली आणि लोकांनी पाहिली, ऐकली. आपण कुणाला मारले हे कळल्यानंतरचे वैमानिकांचे आवाज त्यात आहेत, आणि ते ऐकल्यावर त्यांना खलनायक ठरवणे जमत नाही. मार्चमध्ये ऑक्सफर्डच्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याने 'बेकायदा मनुष्यवध' असा निर्णय दिला. अमेरिकी लष्कराने आपल्या चौकशीत वैमानिकांवर कारवाईचे कारण नसल्याचे ठरवून टाकले होते.

हे सगळे आधी एकदा घडून गेले होते, जवळजवळ जसेच्या तसे. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी, पहिल्या आखाती युद्धात, ए-टेन जातीच्याच विमानांनी ब्रिटनच्या दोन वॉरियर गाड्या उडवल्या आणि ९ सैनिक मेले. त्या गाड्यांवरही ओळखीच्या खुणा होत्या. त्यानंतरही ऑक्सफर्डलाच चौकशी बसली, ज्यूरीने हाच 'बेकायदा' शब्द वापरला. त्या युद्धात लढाईत मेलेल्या १४८ अमेरिकी सैनिकांपैकी ३५ आपल्याच माऱ्याने गेले. चारातला एक म्हणा. शत्रू दुबळा असला की हे प्रमाण चढते, कारण समोरून येणाऱ्या गोळ्याच कमी पडतात. जिंकणाऱ्याच्या वाट्याला येणारा हा हिशेब विजयाच्या संचलनात कुणी वाचून दाखवत नाही.

याला इंग्रजी वर्तमानपत्रे फ्रेंडली फायर म्हणतात. मित्रत्वाचा गोळीबार! लष्करी बोलीत 'ब्लू ऑन ब्लू' म्हणतात, कारण नकाशावर आपले सैन्य निळे आणि शत्रूचे लाल दाखवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे याला रुळलेला एकच एक शब्द नाही. दात आपलेच, ओठही आपलेच, एवढे म्हणून आपण थांबतो.

खुणेचा भरवसा किती धरायचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. विठ्ठल शिवदेव विंचुरकरांच्या पथकात पठाण होते आणि समोर अब्दालीकडेही पठाणच. आपले ओळखू यावेत म्हणून त्यांच्या डोक्याला भगवे बांधले होते, आणि ऐन मोडीच्या वेळी त्यांनी ते काढून फेकल्याने गोंधळ आणखी वाढला, असे पानिपतच्या वृत्तांतांत येते. कापडाची खूण बांधता येते तशी सोडताही येते, ही तिची अडचण. म्हणून विसाव्या शतकाने खूण रेडिओलहरींवर चढवली. रडारने सवाल टाकायचा, विमानातल्या पेटीने ठरलेल्या सांकेतिक आकड्यात जबाब द्यायचा. पहारेकऱ्याच्या 'कोण आहे?'चाच हा विजेवर चालणारा अवतार, आणि पहारेकऱ्याचे सगळे दोषही त्यात आलेच. जबाब आला तर मित्र, इथवर ठीक. जबाब आला नाही तर? शत्रू असेल, नाहीतर पेटी बिघडली असेल, बंद असेल, किंवा आकडा कालचा असेल.

२३ मार्च २००३च्या पहाटे कुवेतमधल्या तळाकडे परतणाऱ्या ब्रिटिश टॉर्नेडो विमानाची ती पेटी चालत नव्हती. जमिनीवरच्या अमेरिकी पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने उतरत्या विमानाला, रडारवर चाल करून येणारे क्षेपणास्त्र ठरवले. त्या तुकडीची संपर्कसामग्री अजून अमेरिकेहून यायची होती. यंत्र म्हणते शत्रू, पडताळा घ्यायला धड वाट नाही, आणि हाताशी मिनिटभराचाही वेळ नाही. विमानातले दोघेही गेले. दहाच दिवसांनी पेट्रियटने अमेरिकेचेच एक हॉर्नेट विमान पाडले.

उत्तर इराकमधली १४ एप्रिल १९९४ची घटना याहून चमत्कारिक. दोन अमेरिकी एफ-१५ विमानांनी दोन अमेरिकीच ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली. आतल्या २६ जणांत अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की आणि कुर्द असे सगळे होते. युद्ध चालू नव्हते, हवा स्वच्छ होती, आणि वैमानिकांनी जवळून जाऊन डोळ्यांनी बघितलेही होते. बघितले, आणि रशियन बनावटीची हिंद हेलिकॉप्टरे दिसली. टेहळणीचे मोठे अॅवॅक्स विमान वर हजर होते. हेलिकॉप्टरांच्या पेटीत लावलेला आकडा त्या टापूचा नव्हता, तुर्कस्तानच्या हद्दीतला होता. आणि ही त्या दिवसापुरती चूक नव्हती, हेलिकॉप्टरवाले वर्षानुवर्षे तसेच उडत आले होते. आपल्याकडे 'चालतंय की' म्हणतात ना, तेच. स्कॉट स्नूक या लष्करी अधिकाऱ्याने यावर पुढे अख्खे पुस्तक लिहिले. कागदावरचे नियम आणि रोजचा व्यवहार एकमेकांपासून कसे हळूहळू लांब वाहत जातात, हे त्याने दाखवले. स्वतः स्नूक १९८३मध्ये ग्रेनाडात आपल्याच बाजूच्या माऱ्यात जखमी झाला होता. कोर्ट मार्शल झाले ते अॅवॅक्सवरच्या एका कॅप्टनचे, आणि तो सुटला.

कंदाहारजवळच्या तारनाक फार्मवर एप्रिल २००२मध्ये कॅनडाचे सैनिक रात्रीच्या सरावात असताना अमेरिकी एफ-१६ने त्यांच्यावर बॉम्ब टाकला आणि चौघे मेले. 'मारा थांबव' असे सांगितले गेले होते. वैमानिकाने आपल्यावर गोळीबार होत असल्याचे सांगून स्वसंरक्षणाचा हवाला दिला. लांब उड्डाणांत जागे राहण्यासाठी वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या अॅम्फेटामिनच्या गोळ्यांचा मुद्दा बचावात आला. शेवटी ५,६७२ डॉलर दंड आणि लेखी ठपका. चार माणसे.

नाशिककरांना यातले काही सांगावे लागणार नाही. २७ फेब्रुवारी २०१९च्या सकाळी नियंत्रण रेषेवर दोन्ही बाजूंची विमाने भिडलेली असताना काश्मिरात बडगामला हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. त्यातले सहाही जण आणि जमिनीवरचा एक गावकरी गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. गोदाकाठी त्यांना निरोप द्यायला गाव लोटले, तेव्हा सगळीकडे शब्द होता 'अपघात'. आपल्याच क्षेपणास्त्राने ते पाडले आणि ती मोठी चूक होती, हे हवाई दलप्रमुख भदौरियांनी उघडपणे सांगितले ते ऑक्टोबरात. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. चूक युद्धाच्या धामधुमीत समजू शकते. सात महिन्यांचे मौन मात्र शांतपणे बसून पाळलेले असते.

मित्रसैन्यांमधली अशी एक चूक आपल्याही खात्यावर आहे, आणि तिची चर्चा आपण फारशी करत नाही. १९७१च्या डिसेंबरात भारतीय नौदलाचा एक छोटा ताफा सुंदरबनातल्या नद्यांमधून पूर्व बंगालात शिरला. प्रमुख होते कमांडर मोहन नारायण सामंत. करंज पाणबुडी नौदलात आली तेव्हाचे तिचे पहिले कप्तान हेच. ताफ्यात आयएनएस पनवेल ही आपल्या पनवेलचे नाव घेऊन फिरणारी गस्ती नौका होती, आणि पद्मा व पलाश. या दोन्ही मुळात कलकत्ता बंदराच्या साध्या बोटी. त्यांच्यावर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवून त्या मुक्तिवाहिनीच्या नावावर केल्या होत्या. कप्तान भारतीय, खलाशी बंगाली. त्यांतले बरेच पाकिस्तानी नौदल सोडून आलेले. वरून ओळखू याव्यात म्हणून नौकांच्या माथ्यावर पिवळी खूण केली होती. बसऱ्याला नारिंगी, इथे पिवळी.

मोंगला बंदर हाती लागल्यावर १० डिसेंबरला पनवेल, पद्मा आणि पलाश रूपसा नदीतून खुलन्याकडे निघाल्या. दुपारच्या सुमारास, खुलन्याची गोदी जवळ आली असताना, वर तीन नॅट विमाने दिसली. ढाक्याची धावपट्टी उखडली गेल्याने तिथली पाकिस्तानी विमाने तेव्हा जमिनीलाच खिळलेली होती. म्हणजे आकाशात जे काही होते ते भारतीय. पनवेलवरून त्यांना ओळखायला कुणालाच अडचण पडली नाही.

विमानांनी सूर मारला. पद्मा पेटली, मग पलाश. पलाशवर नौका सोडण्याचा हुकूम झाला. मोहम्मद रुहुल अमीन हा यंत्रखान्यातला कारागीर. त्याने हुकूम मानला नाही, तो इंजिन वाचवायला खाली उतरला. जखमी अवस्थेत कसाबसा काठाला लागला, तर तिथे पाकिस्तानच्या बाजूचे रझाकार उभे होते. त्यांनी त्याला मारले. पनवेलने पाण्यातली माणसे उचलली. सामंत आणि पनवेलचे कप्तान नोरोन्हा या दोघांनाही महावीरचक्र मिळाले. रुहुल अमीनला बांगलादेशाने बीरश्रेष्ठ केले. त्या सर्वोच्च पदकाचे मानकरी सातच आणि नौदलातला तो एकटा. त्यांच्या खान्यात गोळी कुणाची होती हा प्रश्न आड आला नाही. त्याची कबर रूपसेच्या काठावर आहे.

बांगलादेशी वृत्तांतांत त्या दुपारचा एक क्षण येतो. विमाने अजून वरच होती, खाली यायची होती. पद्मा आणि पलाशवरचे तोफची नळ्या उंचावून बसले होते आणि त्यांनी पनवेलला विचारले, मारा करू का? पनवेलवरून उत्तर आले: नको, विमाने आपली आहेत.