एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

इथे नव्याने संसार थाटणाऱ्या मुली मला हमखास विचारतात, "काकू, आईने सांगितलंय, दोन वाट्या तांदूळ घे. पण वाटी कुठली?" प्रश्न रास्त आहे. दुबई-शारजात तांदळाची पिशवी मिळते किलोत, राइस कुकरबरोबर येतो प्लॅस्टिकचा कप आणि आईची कृती असते वाटीत!

आपल्या आज्यांपुढे हा घोळ नव्हता. त्या धान्य मापून घेत आणि मापूनच शिजवत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. (वजनाचा शेर निराळा, तो ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम.) माप सपाट भरायचे की शीग लावून, यावरून मात्र दुकानदाराशी जुंपायची. 'मापात पाप' उगाच म्हणत नाहीत. १९५६ च्या कायद्याने भारतात मेट्रिक पद्धत आली, दुकाने वजनावर गेली. स्वयंपाकघर मापावरच राहिले.

आता हिशेब. एक लिटर पाणी एक किलो भरते. पण तांदळाच्या दाण्यांमध्ये हवा असते, म्हणून एक लिटर तांदूळ साधारण ८०० ग्रॅमच भरतो. यावरून २५० मिलिलिटरच्या कपात २०० ग्रॅम तांदूळ मावतो. राइस कुकरचा कप मात्र १८० मिलिलिटरचा असतो. जपानच्या 'गो' या जुन्या मापावरून तो आला, म्हणजे त्यांचे चिपटेच म्हणा ना! त्यात १४५ ते १५० ग्रॅम बसतात, म्हणून एका किलोचे जवळजवळ सात कप होतात.

हे आकडे ढोबळ आहेत. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली (सप्टेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली), तेव्हा आमच्याकडे कोलमच्या जागी बासमती आला. लांब दाणा सैल बसतो, त्यामुळे त्याच वाटीत तांदूळ थोडा कमी भरला. म्हणून तांदूळ बदलला की आपली वाटी एकदा काट्यावर ठेवावी. सपाट भरून, न ठोकता. तो आकडा डब्यावर चिकटवला की काम झाले. रोजच्या भाताला वजन लागतच नाही. तांदळाची वाटी तीच पाण्याची वाटी. जुन्या तांदळाला पाणी थोडे जास्त, एवढेच.

वजन लागते ते मधुमेह्याच्या घरी. आहारतज्ज्ञाने ३० ग्रॅम कच्चा तांदूळ सांगितला असेल, तर तो १५ मिलिलिटरच्या मापाच्या चमच्याने अडीच सपाट चमचे होतो. वाटीने अंदाज घेऊ नये, तिथे दुप्पट व्हायला वेळ लागत नाही.

आणि वजन लागते ते पंगतीला. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला पोळ्या-पुऱ्या असतील तर मी माणशी ८० ग्रॅम धरते. शंभर पानांना आठ किलो, म्हणजे दहा लिटर तांदूळ. शिजल्यावर तो जवळजवळ तिप्पट फुगतो, तेव्हा तीस लिटरचे पातेले काठोकाठ होईल आणि झारा फिरवायला जागा उरणार नाही. तेव्हा खरेदीची यादी किलोत करा, पण पातेली मागवताना लिटरमध्ये बोला आणि चाळीस लिटरचे एक किंवा वीसची दोन सांगा. मी दोनच सांगते. एका भांड्याचा भात खाली लागला तरी पंगत उपाशी उठत नाही.