पत्ता शेवटाकडून वाचा

समर्थांच्या घळीमुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या शिवथर खोऱ्यात कसबे शिवथर आहे, कुंभे शिवथर आहे आणि आंबे शिवथरही आहे. घाट चढून पलीकडे गेलं तर सातारा तालुक्यातही एक शिवथर आहे. त्यामुळे पाकिटावर नुसतं ‘शिवथर’ लिहून भागत नाही. टपाल लावताना पत्ता खालून वर वाचला जातो. आधी पिनकोड आणि जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि शेवटी माणसाचं नाव. ई-मेलमधला आणि संकेतस्थळाचा पत्ताही असाच शेवटाकडून वाचायचा असतो. ही एक सवय अंगी बाणली, तर आयकर खात्याच्या नावाने येणारी बहुतेक बनावट पत्रं आपल्याला फसवू शकणार नाहीत.

ही पत्रं येतात ती नेमकी वेळ साधून. विवरणपत्र भरून झालेलं असतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार, पोलादपूरचे शिक्षक, ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापला गेलेले निवृत्त आजोबा, मुंबईतला चाकरमानी असे सगळेच परताव्याची वाट पाहत असतात. अशा वेळी मोबाईलवर राजमुद्रा असलेला मेल येतो : ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे, खात्याचा तपशील पडताळा.’

ऑगस्ट २०२३ मध्ये असाच एक संदेश देशभर फिरत होता. १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर झाल्याचं त्यात म्हटलं होतं. खाली अर्धवट झाकलेला एक खाते क्रमांक आणि सूचना होती की, हा क्रमांक चुकीचा असेल तर पुढील लिंकवर जाऊन दुरुस्त करा. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यपडताळणी विभागाने तो बनावट असल्याचं जाहीर केलं. त्यातली युक्ती नीट पाहण्यासारखी आहे. खाते क्रमांक आपला नसतोच. आपले पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील या धास्तीने माणूस स्वतःहून लिंक उघडतो आणि खरा क्रमांक, पासवर्ड, ओटीपी स्वतःच्या हाताने भरून देतो. लोभ आणि भीती एकाच वाक्यात बसवलेली असते.

आता प्रश्न असा की, कुणीही उठून आयकर खात्याच्या नावाने मेल कसा पाठवू शकतो? उत्तर ई-मेलच्या जन्मातच आहे. आजही मेल ज्या नियमांनी एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातो, ते एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मांडले. तेव्हा जाळ्यात काही शेच संगणक होते आणि ते चालवणारे बहुतेक एकमेकांना ओळखत. त्यामुळे पाठवणाऱ्याने जे नाव सांगितलं, ते तसंच मान्य करायचं अशी रीत पडली. प्रत्येक मेलमध्ये पाठवणाऱ्याची माहिती दोन ठिकाणी असते. एक संगणकांच्या आपसातल्या देवघेवीसाठी, दुसरी आपल्याला दिसावी म्हणून. मूळ नियमांत या दोन्हींची शहानिशा करण्याची सोयच नव्हती.

ही उणीव भरून काढायला पुढे तीन उपाय आले. पहिला एसपीएफ. यात प्रत्येक संस्था आपल्या नावाने मेल पाठवण्याची मुभा कोणत्या संगणकांना आहे, याची यादी इंटरनेटच्या जाहीर नोंदवहीत ठेवते. दुसरा डीकिम. यात मजकुरावरून गणिताने एक छोटा सारांश-आकडा काढून संस्थेच्या गुप्त किल्लीने त्यावर सही केली जाते. ती सही तपासणारी दुसरी किल्ली सर्वांसाठी खुली असते. सही झालेल्या मजकुरातला एखादा शब्द बदलला, तरी सही जुळत नाही. तिसरा डीमार्क. आपल्याला दिसणारा पत्ता आणि तपासला गेलेला पत्ता एकाच घरचे आहेत का, हे तो पाहतो आणि नसतील तर मेल अडवायचा की कचऱ्यात टाकायचा, हे मूळ संस्थेलाच ठरवू देतो. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही उपाय सक्तीचे केले.

मग फसवणूक थांबायला हवी होती. थांबली नाही, कारण ठगांनी वाट बदलली. सरकारचा पत्ता चोरणं अवघड झालं, तसे ते स्वतःचा पत्ता विकत घेऊ लागले. थोड्या पैशांत ‘आयकर’, ‘रिफंड’ असे शब्द असलेलं नाव नोंदवता येतं. त्या नावाला तिन्ही परीक्षा रीतसर पास करता येतात, कारण पत्ता खरोखरच त्यांचा असतो. ‘आयकर विभाग, भारत सरकार’ हे पाठवणाऱ्याचं नाव तर नुसता मजकूर आहे. ते कुणालाही टाइप करता येतं. मोबाईलवर बहुतेक वेळा तेवढंच दिसतं. खरा पत्ता पाहायचा तर नावावर बोट ठेवून तपशील उघडावा लागतो.

तो उघडा आणि शेवटाकडून वाचा. सरकारी पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. ही नावं फक्त सरकारी संस्थांनाच मिळतात. आयकर विवरणपत्राचं पोर्टल ‘इनकमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ हे आहे. लिंकमध्ये हेच शब्द आधी आले आणि त्यांच्यापुढे आणखी एखादं नाव लागून शेवटी ‘डॉट कॉम’ आलं, तर ते घर त्या शेवटच्या नावाच्या मालकाचं. लिंक तपासताना पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचाच भाग घ्यायचा. त्यापुढे काहीही लिहिलेलं असू शकतं. पत्त्याशेजारचं कुलूप पाहून निर्धास्त होऊ नये. तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. समोर ठग बसला असेल तरी कुलूप असू शकतं.

अशुद्ध भाषेवरून बनावट मेल ओळखा, असा सल्ला आजवर दिला जात असे. आता यंत्रच स्वच्छ मराठी आणि अस्खलित सरकारी इंग्रजी लिहून देतं. भाषा, चिन्ह, सही, शिक्का या चारही गोष्टींची नक्कल होते. म्हणून पत्राच्या रूपावर विश्वास ठेवणं सोडून द्यायला हवं.

या धंद्याची एक बाजू आपल्याच राज्यात उघडी पडली होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, ७०० हून अधिक जणांना ताब्यात घेतलं आणि सुमारे ७० जणांना अटक केली. तिथली तरुण मुलं अमेरिकी कर खात्याचे अधिकारी असल्याचं भासवून तिथल्या लोकांना फोन करत आणि थकीत कर आत्ता भरा, नाहीतर अटक होईल, असं धमकावत. कराचे पैसे गिफ्ट कार्डच्या क्रमांकांतून घेतले जात. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने अशाच प्रकारच्या फसवणुकीच्या प्रकरणात ५६ व्यक्ती आणि भारतातल्या पाच कॉल सेंटरांवर आरोप ठेवले. बळींची संख्या १५ हजारांहून अधिक सांगितली गेली. फोन असो वा मेल, देश कोणताही असो, रचना तीच आहे. अधिकाराचा दरारा, घाई आणि विचारायला दुसरं कुणी नाही अशी कोंडी.

खरं आयकर खातं वेगळं वागतं. परतावा येतो तो पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात. त्यासाठी मेलमधून कुठे काही भरावं लागत नाही. पासवर्ड, पिन, कार्डाचा तपशील खातं मेलवरून मागत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून, काही अपवाद वगळता, खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर ‘डीआयएन’ हा ओळख क्रमांक असतो. पोर्टलवर लॉगिन न करताही त्या क्रमांकावरून नोटीस खरी की खोटी हे तपासता येतं. म्हणून नोटीस आली तर घाबरू नका. मेल बंद करा, पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा. खरी नोटीस तिथे असेलच. मेलसोबत आलेली ‘झिप’ किंवा ‘एपीके’ फाईल उघडू नका.

चूक झालीच तर लपवू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले असले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. त्यामुळे इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे. बनावट मेल ‘वेबमॅनेजर ॲट इनकमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ या पत्त्यावर पुढे पाठवा. तुमच्या एका तक्रारीने ते बनावट संकेतस्थळ बंद होण्याला मदत होते.

गणपतीला, शिमग्याला गावी जाणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. आई-वडिलांच्या मोबाईलमध्ये पोर्टलचा खरा पत्ता जतन करून द्या, १९३० हा क्रमांक साठवून द्या आणि पाठवणाऱ्याचा पत्ता उघडून शेवटाकडून कसा वाचायचा हे त्यांच्याकडून एकदा करून घ्या. आणि त्यांना सांगून ठेवा, ‘काही शंका आली तर रात्री-अपरात्रीही मला फोन करा, मी रागावणार नाही.’ विचारायला हक्काचं माणूस आहे ही खात्री असली की माणूस घाईत लिंक दाबत नाही.