डाकोटाचा धाकटा भाऊबंद रायपुरात

7 ऑगस्ट 2015. ढाक्याहून मस्कतला निघालेल्या एका विमानाचं इंजिन मध्य भारतावरून जाताना बिघडलं आणि वैमानिकाने ते रायपूरच्या माना विमानतळावर उतरवलं. आत 173 प्रवासी होते. ते सुखरूप उतरले आणि दुसऱ्या विमानाने तिथून गेले. बिघडलेलं विमान मात्र रायपुरातच राहिलं.

ते होतं बांगलादेशच्या 'युनायटेड एअरवेज' या खासगी कंपनीचं मॅकडोनेल डग्लस एमडी-83. मार्च 2016 मध्ये कंपनीचीच उड्डाणं बंद पडली. ढाक्याच्या विमानतळावरही तिची विमानं बेवारस उभी राहिली. रायपूरच्या विमानतळाने पत्रं पाठवली, नोटिसा काढल्या. पार्किंगचं भाडं तासाला 320 रुपये, म्हणजे वर्षाला 28 लाखांहून अधिक. 2024 मध्ये, विमान उतरल्याला नऊ वर्षं झाली तेव्हा, थकबाकी चार कोटींच्या घरात गेल्याच्या बातम्या होत्या. दरम्यान विमान ओढून कडेला नेऊन ठेवण्यात आलं होतं.

या बातम्यांमध्ये रक्कम ठळक असते. थकबाकीच्या हिशेबात विमानाची ओळख मात्र हरवून जाते. हे विमान ज्या घराण्यातलं आहे, त्याच घराण्यातल्या एका विमानाला भारतीय हवाई दलाने मानाने सांभाळलं आहे आणि दुसऱ्याला 2023 मध्ये भुवनेश्वरच्या विमानतळावर जागा मिळाली.

घराणं डग्लसचं. 17 डिसेंबर 1935 रोजी कॅलिफोर्नियात डीसी-3 पहिल्यांदा उडालं. दोन इंजिनं, संपूर्ण धातूची बांधणी, पंखांचा विस्तार सुमारे 29 मीटर. दुसऱ्या महायुद्धात याच विमानाची लष्करी आवृत्ती दहा हजारांहून अधिक संख्येने तयार झाली. ब्रिटिशांनी तिला दिलेलं डाकोटा हे नाव आपल्याकडेही रुळलं. युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने मागे सोडलेली डाकोटा विमानं भारतात स्वस्तात मिळाली आणि त्यांच्या जोरावर नव्या हवाई कंपन्या उभ्या राहिल्या.

मराठी माणसाला त्या काळाची आठवण नागपूरमुळे असायला हवी. 1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि मद्रास इथून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परतत. नकाशावर कोलकात्यापासून नागपूरपर्यंत सरळ रेषा ओढली तर ती रायपूरच्या थोड्या उत्तरेकडून जाते. तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांतात होती. एमडी-83 रायपूरला उतरण्याच्या कितीतरी आधीपासून छत्तीसगडच्या आभाळाला डग्लसच्या जोडइंजिनी विमानांचा आवाज ओळखीचा होता.

डीसी-3 नंतर तीस वर्षांनी, फेब्रुवारी 1965 मध्ये, त्याच कंपनीचं डीसी-9 उडालं. ते जेट होतं आणि त्याची दोन्ही इंजिनं पंखाखाली न लावता शेपटीजवळ, धडाच्या दोन बाजूंना बसवलेली होती. त्यामुळे विमानाचं धड जमिनीपासून फार उंच ठेवावं लागलं नाही. विमानालाच जोडलेला जिना खाली सोडला की प्रवासी उतरत. शिडीची गाडी नसलेल्या लहान विमानतळांसाठी केलेली ही सोय होती. 1967 मध्ये डग्लस कंपनी मॅकडोनेलमध्ये विलीन झाली. डीसी-9 चं धड आणखी लांबवून एमडी-80 ही मालिका आली आणि 1999 पर्यंत तिची 1,191 विमानं तयार झाली. रायपूरचं एमडी-83 या मालिकेतलं. लांबी 45 मीटर, पंखांचा विस्तार जेमतेम 33 मीटर. दीडशेहून अधिक माणसं नेणाऱ्या या जेटचे पंख डाकोटापेक्षा फक्त चारेक मीटरने रुंद आहेत.

याहून मोठं नवल त्याच्या पोटात आहे. आजच्या बहुतेक नव्या विमानांत वैमानिकाची आज्ञा संगणकामार्फत विजेच्या तारांतून जाते. एमडी-83 मध्ये वैमानिकाच्या हातातल्या चाकापासून शेपटीपर्यंत पोलादी दोर ओढलेले असतात. दोर ताणला की शेपटीच्या आडव्या पात्याच्या काठावरची एक लहानशी पट्टी वळते. त्या पट्टीवर वाऱ्याचा दाब येतो आणि त्या दाबाने सगळं पातं हलतं. सत्तर टनांचं विमान नाक वर-खाली करतं ते माणसाच्या मनगटाच्या आणि वाऱ्याच्या बळावर. जेटच्या वेगाने उडणाऱ्या यंत्रात डाकोटाच्या काळचं हे तंत्र शिल्लक राहिलं, म्हणूनच एमडी-83 जपण्याजोगं आहे. अमेरिकन एअरलाइन्सने सप्टेंबर 2019 मध्ये आणि डेल्टाने जून 2020 मध्ये या मालिकेतली आपली शेवटची विमानं निवृत्त केली. अटलांटातल्या डेल्टाच्या संग्रहालयात एक डीसी-9 जपलेलं आहे.

भारतात जुनी जोडइंजिनी विमानं जपली गेली ती कशी? गोव्यात बोगमाळ्याजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात शॉर्ट सीलँड हे पाण्यावर आणि जमिनीवरही उतरणारं विमान आहे. ते टिकलं कारण ते नौदलाचंच होतं. स्वातंत्र्यानंतर नौदलाची हवाई शाखा 1953 मध्ये सीलँडनेच उभी राहू लागली. जगात ही विमानं पंचवीसच बनली आणि त्यांपैकी दहा भारताने घेतली. जुनं झाल्यावर त्याचं काय करायचं हे ठरवायला धनी हजर होता.

हवाई दलाच्या डाकोटाची गोष्ट वेगळी. ते परदेशात भंगारात निघालेलं होतं. उद्योजक आणि राजकारणी राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन पुन्हा उडण्याजोगं करवलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. एप्रिल 2018 मध्ये टप्प्याटप्प्याने उडत ते भारतात आलं आणि त्यानंतर 'परशुराम' या नावाने दलात दाखल झालं. त्याच्यावर व्हीपी 905 हा क्रमांक रंगवलेला आहे. 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या तुकडीला श्रीनगरला नेणाऱ्या डाकोटाचा हा क्रमांक. हे विमान ते नव्हे, पण एका मुलाने वडिलांच्या विमानासाठी घेतलेल्या कष्टांमुळे त्या दिवसाची आठवण आज उडू शकते.

भुवनेश्वरच्या डाकोटाचं रायपूरशी सर्वांत जवळचं नातं आहे, कारण तेही विमानतळाच्या कोपऱ्यात पडून होतं. ओडिशाचे माजी मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांच्या कलिंगा एअरलाइन्सचं ते विमान कोलकात्याला अनेक दशकं धूळ खात होतं. जानेवारी 2023 मध्ये त्याचे भाग सुटे करून ट्रकवरून भुवनेश्वरला आणले आणि मार्च 2023 पासून ते तिथल्या विमानतळावर लोकांना पाहायला मिळू लागलं. राज्य सरकारने मनावर घेतलं आणि बिजूबाबूंचं नाव पाठीशी होतं, म्हणून हे घडलं.

रायपूरच्या विमानापाशी असं नाव नाही. उलट उदाहरण नागपुरात आहे. 1991 मध्ये तिथे उतरलेलं एक बोइंग 720 धावपट्टीजवळ चोवीस वर्षं उभं होतं आणि 2015 मध्ये ते हटवलं गेलं, तेही फक्त त्याची अडचण होत होती म्हणून. साठच्या दशकातलं चार इंजिनांचं ते विमान विदर्भातल्या दोन पिढ्यांनी लांबून पाहिलं, आत पाऊल ठेवण्याची सोय कोणी केली नाही.

रायपुरात तसं होऊ नये. या शहराला संग्रहालय नवं नाही, राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या नावाचं संग्रहालय इथे 1875 पासून आहे. नवा रायपूरमधलं पुरखौती मुक्तांगण विमानतळापासून फार दूर नाही आणि 2006 मध्ये त्याचं उद्घाटन ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी केलं, ज्यांचं शिक्षणच विमानविद्येत झालं होतं. मालकी आणि थकबाकीचा निकाल आधी लागायला हवा, तो ढाक्याशी बोलूनच लागेल. पण त्याची वाट पाहताना टाक्यांतलं इंधन काढणं, इंजिनांची तोंडं झाकणं, पाणी साचणाऱ्या फटी बंद करणं ही कामं थांबवू नयेत. पावसाळ्याची ओल ॲल्युमिनियमच्या सांध्यांत शिरली की पत्रा आतून पोखरला जातो. एकदा लिलाव होऊन भंगारवाल्याचं कटर चाललं, तर रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या विद्यार्थ्यांना पोलादी दोर, ती पट्टी आणि शेपटीचं पातं हात लावून पाहण्याची संधी पुन्हा मिळणार नाही.