संहितेचे विभाजन : परिमाण आणि खूण

संगणकावर उतरवलेल्या संहितेचा प्रकरणनिहाय अभ्यास करावयाचा झाल्यास तिचे विभाजन ही पहिली पायरी ठरते. 'ज्ञानेश्वरी'तील एखाद्या शब्दाचे प्रयोग अध्यायागणिक मोजावयाचे, तर १८ अध्याय १८ स्वतंत्र फाइलींत असणे इष्ट. कमांड लाइनवरून, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देऊन, हे काम क्षणार्धात होते. लिनक्सवरील ग्नू संचात त्यासाठी 'स्प्लिट' व 'सीस्प्लिट' अशा दोन आज्ञा आहेत. त्यांतील भेद केवळ तांत्रिक नाही.

'स्प्लिट' परिमाणाने तोडते. वेगळे काही न सांगितल्यास ती दर १००० ओळींची एक फाइल करते. बाइटसंख्या दिल्यास तितक्या बाइटांवर संहिता तोडते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते. डोळ्यांना एकच दिसणारे 'ज्ञा' हे अक्षर ज, हलन्तचिन्ह, ञ आणि काना अशा ४ चिन्हांचे, म्हणजे १२ बाइटांचे होय. बाइटांवर केलेला छेद अशा अक्षराच्या मध्येही पडू शकतो. अर्थाची सीमा या आज्ञेला ठाऊक नसते.

'सीस्प्लिट' खुणेने तोडते. 'अध्याय' या शब्दाने आरंभ होणारी ओळ ही खूण दिली, की तशा प्रत्येक ओळीच्या आधी छेद घेता येतो. मात्र हा शब्द ओवीतही येऊ शकत असल्याने खूण ओळीच्या आरंभाशी बांधणे आवश्यक असते. अध्यायाच्या शेवटची पुष्पिका खूण मानल्यास छेद एक ओळ पुढे घ्यावा लागतो. अन्यथा ती पुढील अध्यायाच्या माथी जाते. फाइलींचे क्रमांक ०० पासून सुरू होतात. पहिल्या शीर्षकापूर्वीचा मजकूर ०० मध्ये जात असल्याने पुढे फाइलीचा व अध्यायाचा क्रमांक एकच राहतो.

खरा धोका येथेच आहे. 'सापडेल तितक्या वेळा तोडावे' अशी आज्ञा दिली आणि टंकलेखनात सातव्या अध्यायाचे शीर्षक गळले असेल, तर सहावा व सातवा अध्याय एकत्र होतात, पुढील सर्व क्रमांक एकाने घसरतात आणि संगणक कोणतीही सूचना देत नाही. प्रबंधातील पुढचे सारे स्थलनिर्देश चुकतात. याउलट, पहिल्या छेदानंतर नेमक्या १७ पुनरावृत्ती मागितल्यास उणीव तत्काळ उघड होते : आज्ञा थांबते व तयार झालेल्या फाइलीही काढून टाकते. जादा शीर्षक मात्र यातून पकडले जात नाही. म्हणून विभाजनापूर्वी 'ग्रेप' या आज्ञेने शीर्षकांची संख्या मोजून घेणे श्रेयस्कर.

संहितेची सीमा कोठे मानावी, हा निर्णय संपादकाचा असतो. यंत्र तो निर्णय अमलात आणते, तपासत नाही. म्हणूनच अपेक्षित विभागसंख्या आधी निश्चित करून ती आज्ञेतच नोंदवणे, ही पाठचिकित्सेची शिस्त संगणकीय अभ्यासातही अपरिहार्य ठरते.